दत्ताची कुलपातली धनगरीण

चंद्राबाई मावशीचं नाव आधी लिहितो. तिच्यामुळे दत्ताचं अर्धं राहिलेलं एक काम पुरं झालं. माझी चुटपुट मात्र अजून गेलेली नाही...

दत्ता तिचा मुलगा, माझा मावसभाऊ. नांदूरघाटला शेळ्या राखायचा. दीड महिन्यापूर्वी काविळीने गेला. मी तिरुपूरला कपड्याच्या कारखान्यात. सुट्टी मिळून गावी पोचेस्तोवर तिसरा दिवसही उरकला होता.

सातवीत शाळा सोडून मी बाहेर पडलो, तेव्हापासून आमची गाठ पडायची ती मोबाईलवरच्या एका ऑनलाइन खेळात. एकेक पात्र घेऊन जंगलं, किल्ले पार करायचे. चांगली पात्रं कुलपात असतात, पण तीन दिवस वापरून बघायला मिळतात. दत्ता एकही सोडायचा नाही. तलवारवाला, पंखवाली, सगळी चालवून बघायचा आणि मला सांगायचा, "ह्यो नुसता दिसायला हाय बे, दम न्हाई." मग एक काठीवाली म्हातारी आली. तिने हात ठेवला की पडलेला गडी उठायचा. तिचं इंग्रजी नाव आम्हाला धड म्हणता येईना, आम्ही तिला धनगरीण म्हणायचो. तीन दिवसांनी परत कुलूप. कायमची हवी तर साठ दिवस रोज खेळात पिवळं बटन दाबून हजेरी लावायची. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

माझी हजेरी तीनदा तुटली. डबल ड्युटी लागली की मोबाईल गेटवर जमा, काय करणार... तिसऱ्यांदा तुटली ती एकेचाळिसाव्या दिवशी. दत्ताची चालूच होती. तो हसला. "एक बटन दाबायला येळ कावून न्हाई बे तुला?" मी भडकलो. म्हणालो, "तुझं काय, शेळ्यांमागं बसून ऱ्हायचं. काम असतं तर कळलं असतं."

"बरं," एवढंच म्हणाला तो. आमचं शेवटचं बोलणं ते.

गावाहून परत आल्यावर एका सकाळी खेळ उघडला, तर दत्ताच्या नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे तो या घडीला खेळात आहे. कुणीतरी त्याचं खातं पळवलं, असं वाटून डोकंच फिरलं. मावशीला फोन लावला.

"मीच हाय रे," मावशी म्हणाली. "दवाखान्यात जाताना फोन माझ्यापाशी ठिवला त्यानं. म्हणला, आई, रोज तेवढं पिवळं बटन दाब, खंड पडू देऊ नको. धार काढली की दाबते. उघडलं का त्याचं?"

मी नीट बघितलं. दत्ताच्या नावाशेजारी काठी घेऊन धनगरीण उभी होती.

"उघडलं, मावशी."

"कोण हाय ती?"

"म्हातारी हाय. तिनं हात ठिवला की पडलेलं माणूस उठतं."

मावशी म्हणाली, "बरं."

आता बटन दाबायची गरज नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. रोज गेटवर मोबाईल जमा करण्याआधी तो ठिपका बघून घेतो. मावशीच्या उपकाराची फेड एक दिवस करणार आहे. दत्तामागं शेळ्या आता तीच राखते; गावी जाईन तेव्हा तिने घरी बसायचं. शेळ्यांमागं दिवसभर मी जाईन.