बारदान वजा जाता आरी

सौंसर तहसिलीत माझ्या साडभाऊंइतका चौकस माणूस दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर साडभाऊंनी त्याला गाठून त्याचीही चौकशी केली असेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रामाकोन्याला त्यांची संत्र्याची बाग होती. कुठलीही वस्तू दिसली की ते आधी ती हातावर तोलत, मग उलटी करून पाहत, मग तिच्या मालकाला प्रश्न विचारत. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो, तर त्यांनी आधी पुजाऱ्याला घंटेचं वजन विचारलं आणि मग हात जोडले. माझ्या लग्नात माझ्या गळ्यात पडायचा हार त्यांनी वाटेतच अडवून तोलला होता. "पाऊण किलो हाय मास्तर, मान सांभाळा," ही आमची पहिली ओळख.

वैशाखातल्या वादळानं बागेत फांद्या मोडल्या की त्या कुऱ्हाडीनं तोडायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. "कुऱ्हाड मारली का झाड हादरते, अन् उरलासुरला फळांचा बारही खाली येते," असं ते म्हणत. हाताच्या करवतीनं ते स्वतः फांद्या कापत आणि कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप लावत. पण ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी ते शिडीवरून पडले आणि उजवा खांदा वर जाईना. ते कुणाला सांगत नव्हते. चहाचा कप डाव्या हातात का, असं विचारलं तर म्हणत, "हा हात रिकामा बसून राहिला होता, त्याले कामाले लावलं." एकदाच माझ्याजवळ बोलले, "मास्तर, हलकी आरी भेटली तर ठीक. नाही तर बाग ठेक्यानं देऊन टाकतो. दुसऱ्याची कुऱ्हाड माह्या झाडाले नाही पाहवत."

हलकी आरी म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांची करवत. मग सुरू झाली चौकशी. जंगलखात्याच्या डेपोत जाऊन त्यांनी विचारलं, साखळीला धार किती दिवसांनी लावायची, फांदी कापताना पातं अडकलं तर काय करायचं, धुरानं संत्र्याला वास लागतो का. पांढुर्ण्याचा लाकडं चिरणारा आरामशीनवाला दोन तासांनी हात जोडून म्हणाला, "काका, इतकी चौकशी तर म्या पोरीच्या सोयरिकीतही नाही केली!" घरामागे साडभाऊ गुपचूप टोपल्यात संत्री भरून उजव्या हातानं उचलून पाहत. खांदा चार-सव्वाचार किलोपर्यंत साथ देतो, असा निष्कर्ष निघाला.

अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं आम्ही नागपूरला गेलो. दुकानदारानं आरी काट्याला लावली. सहा किलोच्या वर भरली. साडभाऊ हसले. "पातं काढा. चेन काढा. टाकीतलं तेल काढा. बारदान वजा करून सांगा!" जन्मभर संत्री विकताना टोपलं आणि त्यातलं गवत, म्हणजे बारदान, वजा करूनच त्यांनी वजन धरलं होतं. आता आरी चार किलो भरली. मी शाळेत गणित शिकवत असे. मलाही तो हिशेब बरोबर वाटला, याची लाज मला अजून वाटते. परतीच्या गाडीत आरी त्यांच्या मांडीवर होती आणि डब्यातले सगळे ती पाळीपाळीनं तोलून पाहत होते.

पंधरा दिवसांत वादळ आलं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याची मोठी फांदी चार संत्र्यांच्या झाडांवर पडली. साडभाऊंनी पातं बसवलं, साखळी चढवली, पेट्रोल भरलं आणि आरी उचलली. ती कमरेपर्यंत आली आणि थांबली. तीनदा उचलली, तीनदा तिथंच थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "देऊन टाकू ठेक्यानं."

ताई, म्हणजे माझी मेहुणी, पडलेली फळं वेचत होत्या. त्यांनी टोपलं खाली ठेवलं. "बारदान वजा करून उचलते कोण जी? आम्ही बाया टोपलं डोक्यावर घेतो, ते बारदानासगट. इतके दिवस साऱ्या दुनियेले विचारत फिरले, मले विचारलं का एकदाही? सरका तिकडं. हे सुरू कसं होते तेवढं सांगा."

ते मात्र साडभाऊंना पाठ होतं. "खाली ठेव, वर पाय दे, मंग दोरी ओढ. आधी खालून जराशी काप, मंग वरून, नाही तर साल फाटते." दुपारपर्यंत चारही झाडं मोकळी झाली. ताई कापत होत्या आणि साडभाऊ डाव्या हातात लेपाचा डबा धरून त्यांच्या मागोमाग प्रत्येक जखमेवर ब्रश फिरवत होते. बाग ठेक्यानं गेली नाही. पुढं कितीतरी वर्षं हे असंच चाललं. पाहुण्यांना ते ऐटीत सांगत, "आरी म्या निवडली," आणि ताई मान डोलवत.

साडभाऊ गेले त्यानंतरच्या वैशाखात मी रामाकोन्याला गेलो होतो. ताईंनी एक मोडकी फांदी कापली, आरी बंद केली आणि नेहमीच्या सवयीनं दोन पावलं बाजूला सरकून उभ्या राहिल्या, मागच्याला लेप लावायला जागा करून. मला साडभाऊंची फार आठवण आली. मग मी डबा उचलला. तो अर्धाही भरलेला नव्हता, पण मला दोन्ही हात लावावे लागले.