पाळीच्या वेळचा स्टिरिओ

मिल चालू होती तेव्हा पाळी सुरू झाली की आमच्या चाळीतले दिवे मंदावायचे आणि टेपचा आवाज घोगरा व्हायचा. म्हणून भोंगा झाला की अख्खी चाळ टेप बंद करायची. मिलला टाळं लागून बाबा घरी बसल्यावर दादाने नवा स्टिरिओ घेतला आणि सियागंज बाजारातून व्होल्टेज सांभाळणारा पॉवर कंडिशनरही आणला.

"व्होल्टेज पडलं की अ‍ॅम्प्लिफायर जळतो, बाबा. एकदम जरूरी चीज आहे."

"पडेल कशाने? माग कोण चालवतंय आता?"

"ऐकून तर बघा ना."

दादाने आधी कंडिशनर लावून गाणं वाजवलं, मग तो काढून. दोन्ही वेळा आवाज सारखाच स्वच्छ. बाबांनी घड्याळ पाहिलं. पाळीची वेळ होती, आणि गाणं जराही थरथरलं नाही. पेपरवाले ज्याला प्रगती म्हणत होते, ती आमच्या घरी अशी पोहोचली.

बाबांनी कंडिशनर फरशीवर आपटला आणि लाथांनी चेचला. पत्र्याने पाय फाटला तरी ते थांबेनात. मग रक्ताळल्या पायाने स्पीकरवर लाथ घातली. "थरथर की, साल्या!"

दादाने त्यांना मागून आवळून धरलं. मी प्लग उपटला. भोंगा झाल्यावर उपटायचो, तसाच.