मोबाईलातल्या नदीचं पाणी उतरत नाही

माझी बुढी, माझी बायको, उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मी बोलणंच टाकलं. मुलगी वरठीला दिलेली. ती आली की टीव्ही लावून द्यायची, मी बंद करायचो. मग एकदा तिने माझ्या मोबाईलात एक खेळ टाकला. चित्र नाही, गाणं नाही, नुसती अक्षरं. मी चौथी शिकलेला, बोट ठेवून वाचतो. गोष्ट चालता चालता थांबते आणि विचारते, आता काय करता? खाली दोन-तीन वाटा लिहिलेल्या असतात. एकीवर बोट दाबलं की गोष्ट तिकडे जाते.

चांगलं आहे ते आधी सांगतो. हा खेळ घाई करत नाही. एका ओळीला माझी अर्धी सकाळ गेली तरी गप बसून राहतो. माणसं एवढी थांबत नाहीत. आणि चुकलं तर ‘मागे जा’ म्हणून दाबता येतं.

गोष्टीतल्या माणसाला नदीपलीकडे औषध न्यायचं होतं. नदीला पूर. डोंग्यात बसता की पोहून जाता? मी वैनगंगेकाठचा. पूर असला की आम्ही काठावर बसतो, पाणी उतरलं की निघतो. म्हणून मी काहीच दाबलं नाही. मोबाईल फळीवर ठेवून दिला आणि सकाळी उघडून पाहिला. पाणी तेवढंच.

मुलीला फोन केला तर ती हसली. आई गेल्यावर पहिल्यांदा हसली.

“अवो बाबा, तुमी दाबल्याशिवाय तिथं काईच होत नाई. पाणी कसं उतरन?”

“मंग कायचा खेळ? थांबाचं त लिवलंच नाई.”

“तुमाले थांबाच्याशिवाय येते तरी काय? बांधीचं ठरवा ना. परे मोठे होऊन राहिले.”

तलावाखाली आमची धानाची बांधी आहे. परे, म्हणजे रोपं, मीच टाकले होते. पण लावणीचा रोवणा सुरू करायचा तर रोपांची पहिली पेंडी घरच्या बाईने लावायची, मग बाकीच्या बायांनी चिखलात उतरायचं. दरवर्षी बुढी एक रोप उपटायची, मुळी बघायची आणि सांगायची, आज लावू, नाहीतर राहू द्या. मी फक्त चिखल करायचो. ठरवायचं काम माझं कधी नव्हतंच.

“तूच येऊन लाव ना पेंडी,” मी म्हटलं.

“माहा हात आता सासरच्या बांधीले लागला, बाबा. नाई जमत त शेजारच्याले ठेक्यानं देऊन टाका.”

म्हणजे तिनेही दोनच वाटा लिहिल्या, स्वतः ठरवा नाहीतर ठेक्याने द्या. मला तिसरी पाहिजे होती, बुढीला विचारायची. खेळाची खोट हीच. आपल्याला जे करायचं असतं ते खाली लिहिलेलंच नसतं. शेवटी मी डोंग्यावर दाबलं. पोहोचलो, पण औषधाला उशीर झाला. मागे गेलो, पोहून पाहिलं. तरी उशीर. मग विचारता कायले? त्या माणसाला मी परत काठावर आणून बसवला आणि मोबाईल बंद केला.

इकडे परे पिवळे पडायला लागले. ते काही थांबणारे नव्हते. शेजारच्याला म्हटलं, घे बा, यंदा तूच कर.

रोवण्याच्या दिवशी मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसलो. बाया पेंड्या घेऊन उभ्या. शेजारच्याची बायको बांधीत उतरली, पण वाकली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “मामाजी, लावू का मी?”

मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. ती बिचारी बराच वेळ तशीच उभी राहिली. मागून एक बाई बोलली, “लाव ना वं, पाय गाळात चालले!”

माझी मान हलली असेल. कुठल्या बाजूला हलली, मला खरंच माहीत नाही. तिने ते हो धरलं आणि खाली वाकली.