पातेल्याचा मानकरी

आमच्या चौघांच्या ट्रेकिंगच्या टोळीत सामान पुष्कळ आहे, अक्कल त्या मानाने कमी भरते. माझीच सॅक घ्या. ऐंशी लिटरची. तिच्यात घडीची खुर्ची, कपाळावर बांधायचे दोन दिवे, तीन सुऱ्या, हवेची उशी आणि एक असा दोर, की अंजनेरीवरून सोडला तर टोक थेट पंचवटीच्या भाजीबाजारात पडेल. अजून पडलं नाही, कारण मी तो कधी सोडलाच नाही.

पण टोळीची खरी दौलत म्हणजे आमचं जर्मनचं पातेलं. एकदा साल्हेरच्या वाऱ्याने ते उडालं ते थेट गुजरातेत उतरलं. तिथल्या एका बाईने त्यात शेव भरून ते परत पाठवलं. यातली शेव खोटी आहे, बाकीचं तुम्ही ठरवा.

हे पातेलं पहिल्यापासून मास्तर वाहतो. मास्तर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, चित्रकलेचा शिक्षक. पातेल्यात तांदूळ, सॅकच्या तळाशी डाळ आणि कांदे-बटाटे, वरच्या कप्प्यात शेगडी. पातेलं वाहणाऱ्याने भांडी घासायची नाहीत आणि खिचडीची तळाची खरपुडी त्याचीच, हा आमचा कायदा. त्या खमंग करपलेल्या पापुद्र्यासाठी आम्ही बाकीच्या तिघांनी बंडसुद्धा करून पाहिलंय. मास्तर एवढंच म्हणायचा, "उचल की मग." बंड तिथेच मोडायचं.

मध्ये गंगापूर रोडवर मास्तरची स्कूटर घसरली आणि मांडीच्या हाडात रॉड बसला. कितीतरी महिने तो डोंगर फक्त गच्चीवरून बघत होता. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली, पण वजन झेपेल तेवढंच, अशी तंबी देऊन.

धोडपला निघायच्या सकाळी रिवाजाप्रमाणे सॅका तोलायला काढल्या. टोळीतल्या शेठचं टायरचं दुकान आहे, पण सासरच्या बागेतला द्राक्षांचे क्रेट तोलायचा काटा कायम त्याच्या गाडीत असतो. त्यावर लटकल्याशिवाय एकही सॅक गाडीत चढत नाही. मास्तरची चौदा किलो भरली. आकडा त्याने मुद्दाम मोठ्याने वाचला.

"ऐका रे. हे मी वर नेलं, तर पुढेही मीच नेणार. नाही नेलं, तर पातेलं दुसऱ्याला द्या आणि मला ग्रुपमधून काढा. नुसतं सरबत प्यायला मी येणार नाही."

हसत बोलला. पण बोलताना त्याचा हात मांडीवर होता, आणि तो तिघांनीही पाहिला.

तिथेच घोळाला सुरुवात झाली. वडाळीभोईला चहाला थांबलो. मास्तर हात धुवायला गेला तसा मी पातेल्यातला तांदूळ काढून सीटखाली सरकवला. सॅक सपाट दिसू नये म्हणून हवेची उशी फुगवून आत कोंबली. गडाखाली पोचल्यावर तांदूळ स्वतःच्या सॅकेत घ्यायला गेलो, तर खुर्ची आणि दोर यांच्यामध्ये दाणा शिरेना. म्हटलं, असू दे, आज डाळच पिऊ. मला काय ठाऊक, आमचा चौथा गडी, दातांचा डॉक्टर, डाळ आणि कांदे-बटाटे डिकीत दडवून बसलाय! त्याचं म्हणणं, आज नुसता भात खाऊ. शेठने शेगडी काढून जॅकशेजारी ठेवली होती. त्याचा बेत तीन दगडांवर शिजवायचा. तिघांनी एकमेकांना अक्षर सांगितलं नव्हतं.

मास्तर असा चढला, की वाटेतल्या शेळ्यांनी बाजूला होऊन त्याला रस्ता दिला. आम्ही मागे धापा टाकत. अर्ध्या गडावरच्या माचीवर पोचताच त्याने बायकोला फोन लावला. "अगं, पूर्ण चौदा किलो घेऊन! काही वाटलं नाही!" आम्ही तिघं आपापल्या बुटांच्या नाड्या बघत राहिलो.

"चला, चहा टाकू," म्हणत त्याने वरचा कप्पा उघडला. शेगडी नाही. तळ उघडला, डाळ नाही. पातेल्याचं झाकण काढलं, तर माझी गुबगुबीत उशी.

त्याने एकेकाकडे पाहिलं. "तिघांनी?"

आम्ही तिघांनी माना डोलावल्या.

"पायात रॉड आहे रे माझ्या, तोंडात नाही. जड झालं असतं तर बोललो असतो." मग शेठपुढे हात. "किल्ली."

रिकामी सॅक घेऊन तो उतरायला लागला. मी माझं बिऱ्हाड तिथेच टाकून मागे धावलो. खाली ज्या मावशींच्या अंगणात गाडी लावली होती, त्या म्हणाल्या, "एवढ्यात उतरले? गड बंद हाय का?"

"नाही मावशी, जेवण खालीच राहिलं," मी म्हणालो.

"मंग वर काय नेलं व्हतं?"

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. "उशी."

मावशी हसता हसता खाली बसल्या. मास्तर हसला नाही. सगळं भरून त्याने सॅक पुन्हा काट्याला लावली. चौदा.

या खेपेला शेळ्या हलल्या नाहीत. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. माझे हात आयुष्यात इतके रिकामे कधी नव्हते. माचीच्या खालच्या चढावर तो दगडावर बसला. दोन्ही हातांनी मांडी दाबत राहिला. एरवी माझ्याकडे अशा वेळेसाठी शंभर थापा तयार असतात, तेव्हा एकही आठवेना. सॅकला हात जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात खिशात कोंबले आणि उभा राहिलो.

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "कांदे-बटाट्यांची पिशवी घे."

"सगळी?"

"सगळी म्हटलं ना! डाळीला हात लावू नको."

पिशवी दोन किलोंची. ती छातीशी धरून मी त्याच्या मागे माची गाठली आणि तिथून वरची गुहा. माझी सॅक शेठने आणि डॉक्टरने आळीपाळीने, शिव्या घालत वर आणली होती. ऊन कलताना खिचडी शिजली. तीन सुऱ्यांपैकी एक पहिल्यांदाच कामी आली. मास्तरने खरपुडी खरवडली, अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या ताटात टाकली. मग गुहेच्या तोंडाशी जाऊन फोन लावला.

"हो, पोचलो. सकाळी चौदा म्हणालो ना, ते खरं नव्हतं. बारा... दोन किलो ह्याने आणले... नाही गं, त्याने नाही काढले, मीच दिले." फोन ठेवून आमच्याकडे वळला. "पुढच्या महिन्यात हरिहर. पातेलं माझ्याकडे, कांदे ह्याच्याकडे. आणि घासा ते नीट, काळं राहिलंय."

आम्ही घासलं. आता हा किस्सा मी कुठेही सांगतो तेव्हा माझे कांदे-बटाटे दहा किलोंचे असतात. मास्तरचे बारा मात्र मी बाराच ठेवतो.