चौसष्टावा सेल

माझी मावशी विमानाच्या पंखांवर सोलर सेल चिकटवते. अकरा वर्षं झाली. मी तिच्याच हाताखाली शिकले, म्हणून छातीठोकपणे सांगते, तिच्या बोटांची सर कुणाला नाही. आमचं विमान बिनवैमानिकाचं, नुसत्या उन्हावर उडणारं; त्यामुळे सेल दर वर्षी हलके होत गेले. या खेपेचे तर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. खोलीत पंखा बंद, बोलायचं तेही तोंडावर हात धरून. "शिंकलीस तर महिन्याचं काम उडेल," मावशी मला दटावायची.

परवा चौसष्ट सेल आले आणि पंखावर त्रेसष्टच बसले. एक कोपरा उघडाच. सुपरवायझर सगळ्यांदेखत मावशीला म्हणाला, "हात वर करा." तिची पिशवी उलटी केली, डबासुद्धा उघडून बघितला. ज्याला स्वतःच्या किल्ल्या सापडत नाहीत, तो मावशीला चोर ठरवणार! काही मिळालं नाही, तरी वर म्हणालाच, "उद्यापासून येऊ नका."

मावशीने घरी येऊन अंधारातच ॲप्रन धुतला, पिळला, वाळत घातला आणि न जेवता पडून राहिली.

सकाळी मी दोरीवरून तो ॲप्रन काढला आणि किंचाळलेच. पाठीवर, कमरेच्या नाडीखाली, तळहाताएवढा काळा चौकोन चिकटून बसला होता.

"टाकून दे," मी म्हणाले. "आपल्या घरात सापडला म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"आणि पंखाचं काय?" मावशी म्हणाली.

ॲप्रन तसाच हँगरला लावून तिने कारखान्यातल्या इंजिनिअरबाईंसमोर, सुपरवायझरच्या देखत, नेऊन धरला. सगळं सांगितलं, धुतल्याचंही. बाईंनी सेलला दोन वायरी जोडल्या, ॲप्रन खिडकीकडे फिरवला. मीटरचा काटा टुणकन उठला. सुपरवायझरचा चेहरा पांढराफटक पडला. पिळून काढलेला सेल वीज देत होता!

"साबण कुठला?" बाईंना एवढंच सुचलं.

पंखावर मात्र नवा सेल बसला, मावशीच्या हातचा. आणि नियमही नवा झाला: घरी जाताना प्रत्येकाने मावशीकडून कपडे तपासून घ्यायचे.

पहिल्याच संध्याकाळी रांगेत पुढे सुपरवायझर. मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

त्याने आपणहून हात वर केले.