चौथा गियर शोभेपुरता

दुष्काळात माणसानं जीपचे टायर बदलू नयेत. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी कुणी माझ्या जीपमध्ये बसलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात तलवाड्यात पाण्याची अशी बोंब होती की पाव्हणा आला तर लोक त्याला चहा विचारायचे, पाणी विचारायचे नाहीत. मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सेक्रेटरी. आलेलं दूध मोजून कॅन पुढं पाठवायचे, हे माझं काम. पण चाराच नाही तर दूध कुठलं? कॅन इतके कमी झाले होते की ते मोजायला सेक्रेटरीची गरजच उरली नव्हती! आता रिकामा माणूस काय करतो? मी माझी जीप सुधारायला घेतली.

जीप संस्थेनंच मोडीत काढलेली. डिझेलवर चालायची आणि मनात आलं की थांबायची. गियरच्या मोठ्या दांडीशेजारी एक छोटी दांडी होती. अवघड चढावर ती ओढली की गाडीला बळ येतं म्हणे. ती गंजून बसली होती, म्हणून मी तिला भाजीची पिशवी अडकवायचो. (भाजीही त्या वर्षी नव्हती. नुसतीच पिशवी लटकायची.)

चारा आणायला गोदावरीच्या कोरड्या पात्रातून पलीकडं जावं लागे, आणि जीप दर खेपेला वाळूत रुतायची. म्हणून बीडला जाऊन मी जुन्या लष्करी गाडीचे चार दांडगे टायर घेऊन आलो. ते घालून पात्रात उतरलो, आणि काय सांगू! जीप वाळूवरून अशी गेली जशी नवरदेवाची घोडी. आमचे चेअरमन काठावर उभे होते. ते म्हणाले, "सेक्रेटरी, जीपचं विमान केलं की वो तुमी!"

तिथंच माझं डोकं फिरलं.

"सुमन," मी घरी येऊन बायकोला समजावलं, "चाक मोठं म्हणजे एका फेरीत जास्त अंतर. इंजिन तेवढंच फिरणार, रस्ता मात्र जास्त कापणार. डिझेल वाचणार!"

"मग ट्रॅक्टरचीच चाकं बसवायची की."

"बसवून बघितली. मडगार्डात बसंनात."

सुमननं माझ्याकडं पाहिलं आणि भाकरी थापायला घेतली. जीप आता इतकी उंच झाली होती की तिला चढायला दुधाचा रिकामा कॅन पायरी म्हणून ठेवावा लागे. संस्थेच्या कॅनला निदान काहीतरी काम मिळालं, असं म्हणून मी तेही चांगलंच मानून घेतलं.

आणि मग आमच्या विहिरीनं तळ दाखवला.

आमच्याकडं एकच म्हैस उरली होती, गजरा. गाभण, दिवस भरत आलेले. माणसांपुरतं टँकरचं पाणी मिळायचं, पण म्हैस घागरभर पाण्यानं नुसतं नाक ओलं करते. मी म्हणालो, "चारा छावणीत नेऊन बांधू."

"माझी गजरा छावणीत?" सुमनच्या डोळ्यांत पाणीच आलं. "एवढ्या गर्दीत? लई लाजाळू हाय ती!"

(या लाजाळू म्हशीनं मला दोनदा गव्हाणीत पाडलेलं होतं.)

सुमनचं माहेर धारूरचं. तिथं डोंगराच्या कुशीत तिच्या वडिलांची विहीर अजून टिकून होती. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, निरोप आला, "म्हशीला घेऊन या." चेअरमन म्हणाले, "टेम्पो देतो संस्थेचा." मी हसलो. माझी जीप असताना टेम्पो?

जीपमागं ट्रॉली जोडली, ट्रॉलीत गजरा बांधली, तिच्यासाठी पाण्याचं एक छोटं पिंप ठेवलं, आणि सकाळी सकाळी निघालो.

गावातल्या खड्ड्यांतून जीप डौलात गेली. माजलगावचा डांबरी रस्ता लागला, तसे टायर गुणगुणायला लागले. आधी भुंग्यासारखे, मग गिरणीसारखे. शेजारी बसलेल्या सुमनशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"हळू चालवा की!" ती ओरडली.

"चाळीसवर तर हाय काटा!"

"मग झाडं कावून पळायलीत एवढी?"

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला जीपच्या बरोबरीनं आला. "ओ दादा! पन्नासच्या वर पळवायलाव! म्हस बसली बगा मागं, घाबरून!"

काटा चाळीस म्हणत होता, मोटारसायकलवाला पन्नास. मला हळूहळू उमगलं. काटा बिचारा चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठं झालंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

मी ब्रेक दाबला. जीप थांबली, पण जिथं दाबला तिथं नाही; लिंबाचं एक झाड आणि एक चहाची टपरी ओलांडून मग. टपरीवाल्यानं परत बोलवायला हात केला. वळवून परत जावं म्हटलं, तर स्टेअरिंग पूर्ण फिरवताच टायर मडगार्डाला असा घासला की गजरानं हंबरडा फोडला. चहा राहिला.

तेलगावच्या पुढं धारूरचा घाट सुरू होतो. मी चौथ्या गियरमध्ये ऐटीत निघालो. जीपनं एक उसासा टाकला. तिसरा गियर टाकला. जीप कण्हली. दुसरा टाकला. आता गंमत अशी, की चाक मोठं झालं की इंजिनाला प्रत्येक फेरीला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे दुसरा गियर तिसऱ्यासारखा वागतो, तिसरा चौथ्यासारखा, आणि चौथा राहतो शोभेपुरता. हे ज्ञान मला त्या घाटात, दुसऱ्या वळणावर, क्लचच्या वासासकट झालं.

"कायतरी करपायलंय," सुमन म्हणाली.

"बाहेरून येतोय वास."

"बाहेर काय करपणार? डोंगर?"

पहिला गियर टाकला. जीप चार हात पुढं गेली, थरथरली आणि बंद पडली. मग मागं सरकायला लागली! ब्रेकवर मी जवळजवळ उभाच राहिलो. सुमननं खाली उडी मारली (कॅनशिवाय!) आणि दोन धोंडे उचलून चाकांमागं सारले. एवढ्या दांडग्या टायरमागं ते धोंडे सुपारीएवढे दिसत होते, पण टिकले. खाली दरी, मागं गाभण म्हैस, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर माझी अक्कल.

तेव्हा मला ती छोटी दांडी आठवली. पिशवी काढली, दोन्ही हातांनी दांडी धरली, देवाचं नाव घेतलं आणि ओढली. दांडी सुटून माझ्या हातात आली.

तेवढ्यात रेडिएटरनं फुस्सकन वाफ सोडली. मी पाण्याच्या पिंपाकडं धावलो, तर सुमन आडवी उभी.

"हात लावू नगा. ते गजराचं हाय."

"अगं, जीप तापली!"

"जीप गाभण हाय का?"

सुमननं गजराला ट्रॉलीतून उतरवलं, पिंप तिच्यापुढं धरलं. गजरानं माझ्या डोळ्यांदेखत सगळं पाणी पिऊन टाकलं आणि शेवटी पिंपालाही चाटलं.

"तुमी बसा हितं गाडी निवेस्तोवर," सुमन म्हणाली. पदर खोचला, दावं हातात धरलं आणि दोघी निघाल्या. मी मागून ओरडलो, "अगं, पायी घाट चढणार? या अवस्थेत?"

"तिला सवय हाय चालायची," ती न थांबता म्हणाली. "गियर न्हाईत तिला."

जीप निवाली. रिकाम्या ट्रॉलीसकट पहिल्या गियरमध्ये कशीबशी हलली. मी निघालो, थांबलो, परत निघालो. चौथ्या वळणावर मी त्या दोघींना गाठलं आणि हॉर्न वाजवला. गजरानं मान वळवून एकदा पाहिलं आणि वाट दिली नाही. पुढच्या वळणावर जीप परत तापली आणि त्या दोघी दिसेनाशा झाल्या.

मी मामांच्या दारात पोचलो तेव्हा गजरा कडुलिंबाखाली रवंथ करत होती. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सुमन ओसरीवर पाय सोडून चहा पीत होती. मला बघून ती पटकन उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "लई भ्याले वो मी. गाडी मागं सरकली तवा तुमी आत होतात." एवढं बोलून तिनं डोळे पुसले, आणि माझा सगळा शीण उतरला.

मामांनी जीपभोवती एक चक्कर मारली. टायरला हात लावून बघितला.

"जावईबापू, ह्ये घालून घाट उतरायचा न्हाई," ते म्हणाले. "वर येताना थांबली, ते बरं. खाली जाताना न्हाई थांबली, तर? माझी एकच लेक हाय."

"अन् जावई?" मी विचारलं.

"तोबी एकच हाय म्हना," मामा थोडा विचार करून म्हणाले.

असं ठरलं, की गजरा विईपर्यंत सुमन तिच्याजवळ राहील. जीपची क्लचप्लेट जळालेली, म्हणून जीपही तिथंच राहील. मी एसटीनं तलवाड्याला जाऊन जुने टायर घेऊन यायचे. ते तिथं गोठ्यात पडून होते.

दुसऱ्या दिवशी तलवाड्यात मी चार जुने टायर माजलगावच्या एसटीच्या टपावर चढवले आणि घामाघूम होऊन सीटवर बसलो. कंडक्टर तिकीट फाडायला आला.

"टायर तुमचे? गाडी कुठाय मग?"

"सासऱ्याकडं, धारूरला."

"ती तिकडं कशी?"

"म्हैस सोडायला गेलतो."

"मग म्हैस?"

"सासऱ्याकडंच."

"घरचं माणूस?"

"तेबी तिकडंच."

कंडक्टरनं पेन्सिल कानामागं खोचली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हंजी बायको, म्हस अन् गाडी सासऱ्यानं ठिवून घेतली," तो मायेनं म्हणाला, "अन् तुमाला नुसत्या टायरवर वाटं लावलं?"