अकरावा मुद्दा

समाजशास्त्राच्या मॅडमनी मला मदत केली. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर बाकीचं सांगता सांगता ते मागे पडेल आणि वाचणाऱ्याला वाटेल की मी स्वतःच्या हिमतीवर कॉलेजात गेले. हिंमत माझ्यात कधीच नव्हती, आजही नाही. परवा हॉल तिकीट मिळालं, तर ते पिशवीत आहे की नाही हे बघायला घरी पोचेपर्यंत चार वेळा पिशवी उघडली.

मॅडम पर्मनंट नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढ्याचंच मानधन. सकाळी मुलुंडच्या कॉलेजात आणि दुपारी घाटकोपरच्या. मधे जो अर्धा-पाऊण तास उरायचा त्यात त्या डबा खायच्या. त्या वेळात त्या आणखी काय करायच्या ते पुढे सांगते.

मुलुंडच्या त्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी कामाला. गाव कणकवलीच्या पुढे. नववीत शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी भांडुपला आत्याकडे आले. दुकानात मशीन चालवायचं, लॅमिनेशन, बाइंडिंग, फॉर्म भरून देणं. माझं अक्षर चांगलं आहे, एवढी एकच गोष्ट मी न घाबरता सांगू शकते. ते पहिल्यांदा एका मुलाने हेरलं.

"ताई, काय झकास अक्षर आहे यार! माझं असाइनमेंट लिहून द्या ना. माझं सरांना वाचताच येत नाही."

एकाचं लिहिलं, मग दुसरा आला, मग त्याची मैत्रीण. जुनं कोणाचं तरी लिहिलेलं असाइनमेंट ते आणून द्यायचे आणि मी उतरवून काढायचे. मथळे काळ्या पेनाने, मजकूर निळ्याने, खाली पट्टीने रेघ. काय लिहितेय ते कळायचं नाही, पण काना-मात्रा चुकायची नाही. सगळ्यात जास्त मागणी होती 'शालेय गळतीची कारणे' या विषयाला. दहा मुद्दे. दारिद्र्य, पालकांची निरक्षरता, शाळेचे अंतर, मुलींचे लवकर विवाह, घरातील आजारपण, असे. तीसेक वेळा तरी मी ते लिहिलं असेल. नववीत शाळा सुटलेली मी, पण एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे आपल्याबद्दल चाललंय.

मग एका दुपारी मॅडम दुकानात आल्या. आमच्या काचेवर मी लिहिलेला बोर्ड होता, 'सुटे पैसे द्यावेत. गोंधळ करू नये.' त्या बोर्डाकडे बघत उभ्या राहिल्या.

"हा कोणी लिहिला?" त्यांनी काकांना विचारलं. काका म्हणजे दुकानाचे मालक.

"हीच लिहिते. छापल्यासारखं आहे ना?" काका कौतुकाने म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला. "चौदा मुलं, आणि चौदाही जणांच्या 'ळ'ला हीच शेपटी."

वाटलं, आता कॉलेजातून कोणीतरी येणार, काकांचं दुकान बंद करणार आणि आत्या मला गावच्या गाडीत बसवणार. "मॅडम, आईशप्पत, परत नाही लिहिणार. काकांना यातलं काही माहीत नाही." काकांना सगळं माहीत होतं. ते गल्ल्यात काहीतरी शोधायला लागले.

"वर्षभर घसा फोडून मला जे यांच्याकडून लिहून घेता आलं नाही, ते तू एका आठवड्यात लिहून दिलंस," मॅडम म्हणाल्या. "रडू नको गं. किती शिकलीस?"

"नववी. म्हणजे, नववी पण पूर्ण नाही."

"का सोडलीस?"

"आई आजारी होती."

"आणि आता कशी आहे?"

"बरी आहे."

त्यांनी गठ्ठा परत पिशवीत भरला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या, काकांना म्हणाल्या, "अर्धा तास स्टुलावर बसू ना?" आणि बसल्या. त्यानंतर जवळजवळ रोज. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात माझी वही. मी गिऱ्हाईक सांभाळत उभी, त्या बसून विचारतायत. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरायला लावला. गावच्या शाळेतून दाखला चुलतभावाने आणला. दहावी झाली. मग दोन वर्षांनी बारावी झाली. इंग्रजीत पस्तीस, तरी मॅडमनी पेढा खाल्ला.

कॉलेजात प्रवेश घ्यायच्या आधी त्या मला एकदा आत घेऊन गेल्या. इतकी वर्षं मी त्या गेटसमोर उभी होते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. प्राचार्यांच्या केबिनबाहेर मी चपला काढायला लागले तर त्यांनी कोपराला धरलं. "पायात राहू दे. इथे सगळे चपला घालूनच चुका करतात." ऑफिसची खिडकी कुठली, लायब्ररीचं कार्ड कसं काढायचं, नोटीस बोर्ड दर सोमवारी का वाचायचा, उत्तरं मराठीत लिहिली तर चालतात, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. आणि न कळलं तर हात वर करायचा, हेही. बाकीच्या मुलांना हे घरातून माहीत असतं, नाहीतर मोठा भाऊ सांगतो. माझ्या घरात कॉलेजचं गेट कोणी आतून पाहिलेलं नव्हतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं, चपलांचंसुद्धा.

सकाळी सात ते साडेअकरा कॉलेज, बारापासून दुकान. वर्गातली मुलं अठरा-एकोणीसची, मी सव्वीसची. सगळे ताई म्हणायचे. मागचा बाक मिळाला की मला बरं वाटायचं.

ऑगस्टमध्ये मॅडमनी पहिलं असाइनमेंट दिलं, शालेय गळतीची कारणे, दहा मार्कांचं. मला तर हसूच आलं. त्या दिवशी घरी बसून एका बैठकीत, पुस्तक न उघडता, दहाच्या दहा मुद्दे लिहून काढले. शेजारच्या मुलाने माझी वही बघून आपलं लिहिलं.

आठ दिवसांनी कागद परत आले. माझ्या पहिल्या पानावर शून्य होतं. खाली मॅडमचं बारीक अक्षर, 'हे मी आधी वाचलं आहे. तुझं कारण यातलं कितवं? उद्या येऊन तोंडी सांग, मग मार्क देईन.'

शेजारचा मुलगा डोकावला. "ए ताई, तुमचं बघून लिहून मला सात, आणि तुम्हाला भोपळा? वाट लागली ना!" तो वाईट मुलगा नव्हता. पण मागचे चार-पाच जण हसले आणि माझ्या कानातून वाफा निघाल्या. मॅडमचा राग आला. मुलांनी कुठून कुठून उतरवलेलं चाललं आणि माझंच बरं दिसलं! मग राग गेला आणि नुसती लाज उरली.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. म्हटलं, एक दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी वाटलं, आज गेले तर विचारतील काल का नाही आलीस. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं उत्तर द्यावं लागलं असतं. असं करत आठवडा गेला.

काकांनी विचारलं, "कॉलेज नाही का गं?"

"सुट्टी आहे."

काकांनी समोर बघितलं. गेटमधून पोरांचा लोंढा बाहेर पडत होता. "मग ही काय आमच्या लग्नाला आली होती?"

आत्याला तर पहिल्या दिवशीच संशय आला होता. "तुका कोणी काय बोलला काय?"

"नाही गं."

"मगे कॉलेजात जाऊक नाय कित्याक?"

मी पोट दुखतंय म्हणाले. आत्याने ओवा दिला. आठ दिवस ओवा खाल्ला.

खरी भीती काय होती ते मला पक्कं ठाऊक होतं. हजेरीचे दिवस हातातून जात होते, आणखी थोडे गेले की परीक्षेला बसू देणार नव्हते आणि वर्ष फुकट जाणार होतं. त्याहून वाईट म्हणजे, मी पुन्हा कधीच त्या गेटमधून आत जाणार नव्हते. हे असंच होतं हे मला माहीत होतं, कारण असं मी आधी एकदा केलं होतं.

पंधराव्या दिवशी बाराच्या सुमारास मॅडम दुकानात आल्या. मी मशीनमागे खाली बसले, कागद अडकल्यासारखं करून.

"काका, मशीन बिघडलंय का?"

"मशीन ठीक आहे हो," काका म्हणाले.

मॅडम स्टुलावर बसल्या आणि डबा उघडला. "बाहेर ये. तुझं कारण कितवं?"

मी उठले. "कुठलंच नाही."

"आजारपण पाचवं आहे ना?"

"नाही मॅडम. ते मी सगळ्यांना सांगते."

मग मी सांगितलं. मधे मधे गिऱ्हाइकं येत होती. आईला खुब्याच्या हाडाला लागलं होतं, तालुक्याच्या दवाखान्यात तिच्याजवळ मी पंधरा दिवस होते ("ताई, आधारच्या दोन कॉपी, मागचं-पुढचं"). नंतर आत्या गावी आली, आईचं सगळं बघायला लागली, महिन्याभरात आई काठी घेऊन चालायलाही लागली. मला शाळेत जाता आलं असतं. कोणीही अडवलं नव्हतं. आई रोज म्हणायची, आज जा. पण बीजगणिताची वही पंधरा दिवस मागे होती, आणि सरांनी उभं करून 'कुठे होतीस' विचारलं तर सगळ्या वर्गासमोर काय बोलायचं, याचाच मी रोज विचार करायचे ("लॅमिनेशन किती वेळात होईल?" "दहा मिनिटं"). दप्तर घेऊन निघायचे आणि पाणंदीतून परत यायचे. मग दप्तर घ्यायचंही सोडलं. शाळेतून कोणी विचारायला आलं नाही. पुढे सगळे म्हणायला लागले, आईच्या आजारपणात पोरीची शाळा सुटली. मी ते तसंच राहू दिलं. आई अजून फोनवर म्हणते, माझ्या पायापायी तुझं शिक्षण गेलं.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. काका पाठ करून कागद लावत होते, त्यांनीही ऐकलं.

मॅडमचा घास हातातच राहिला होता. त्या म्हणाल्या, "हे पुस्तकात नाही."

"म्हणजे चुकीचं आहे?"

"पुस्तकात नाही म्हटलं. बघ, तुझ्यासारखी किती मुलं असतील, आणि आम्ही बसलोय दहाच मुद्दे घोकत." मग डबा बंद केला. "हा अकरावा मुद्दा लिहून आण. तुला बोलता येतं तसं लिही, सुंदर अक्षर नको. आणि उद्या सातला वर्गात ये. रोज हजेरी घेताना तुझा नंबर पुकारते मी. बावन्न, बावन्न. मुलं हसतात मला."

"कुठे होतीस विचाराल?"

"नाही विचारणार. कळलं ना मला."

मी गेले. बावन्न म्हटल्यावर 'प्रेझेंट' म्हणताना आवाज फाटला, पण शेजारचा मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "आल्या का ताई? सरका, माझी बॅग आहे." अकरावा मुद्दा दीड पान झाला, खाडाखोड होऊन. मला सहा मार्क मिळाले. त्या मुलाला सात होते ते सातच राहिले. पहिली सेमिस्टर पास झाले, मग दुसरी.

आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. मॅडमनी दोनदा विचारलं. गणपतीला गावी गेले होते तेव्हा ठरवून गेले होते, पण आई चुलीपाशी बसलेली, पाय लांब करून, आणि मी नुसती चुलीत लाकडं सारत राहिले. या वर्षी सांगायचं आहे.

यंदा जूनमध्ये स्टाफचं वेळापत्रक लागलं, त्यात मॅडम नव्हत्या. तास कमी झाले म्हणे. ऑफिसच्या खिडकीवर मी पहिल्यांदाच स्वतःहून जाऊन विचारलं, तर क्लार्क म्हणाले, "तासिकावाल्यांचं असंच असतं हो." आता त्या बोरिवलीच्या बाजूला शिकवतात, आठवड्याला थोडे तास. फोनवर हसून बोलतात. मी त्यांच्या अर्धवट राहिलेल्या पीएचडीचं विचारलं. ती झाल्याशिवाय पर्मनंट होणं कठीण, हे मला आता कळतं. त्या म्हणाल्या, "प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखती वह्यांमध्ये पडून आहेत गं, टाईपसुद्धा नाही केल्या. तीन वर्षं गाइडना तोंड दाखवलं नाही. आता जायचं तर काय सांगू त्यांना?" आणि लगेच माझ्या परीक्षेचं विचारायला लागल्या.

त्या दुपारी काकांना सांगून मी मराठी टायपिंग शिकायला लागले. वेग अजून कमी आहे, जोडाक्षरं अडतात.

मॅडम, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की एका रविवारी मी बोरिवलीला येईन आणि त्या सगळ्या वह्या घेऊन जाईन. नको म्हणालात तरी दारात उभी राहीन. एकेक मुलाखत टाईप करीन, एक शब्द न बदलता. आणि जेव्हा केव्हा प्रबंध पुरा होईल, वर्षाने नाहीतर पाच वर्षांनी, तेव्हा त्याचं बाइंडिंग मी माझ्या हाताने करीन, आणि गाइडकडे जाताना तुमच्याबरोबर त्यांच्या दारापर्यंत येईन.